उतारवयातील मोटारसायकल-प्रवास : एक ऐतिहासिक विचार

मराठी वृत्तपत्रांच्या भाषेत एक भेद सहज रूढ होऊन गेला आहे. मोटार किंवा मालमोटार हाकणाऱ्यास 'चालक' म्हटले जाते. मोटारसायकल हाकणारा मात्र 'दुचाकीस्वार' ठरतो. फारसीतून आलेला आणि घोड्याच्या संगतीने मराठीत मुरलेला 'स्वार' हा शब्द घोडा रस्त्यावरून नाहीसा झाल्यावरही टिकून राहिला व ह्या यंत्राकडे आला. हा भेद केवळ शब्दसवयीचा नाही. चालक वाहनाच्या आत बसतो. स्वाराचे शरीर वाहनाच्या रचनेचाच एक भाग होऊन राहते. चार चाकांचे वाहन उभे राहण्याकरिता माणसाच्या तोलाची अपेक्षा करीत नाही. दोन चाकांचे करते. वळणावर झुकणे, थांबताना पाय टेकणे, वारा छातीवर घेणे ही सर्व कामे शरीराची आहेत. साहजिकच शरीराच्या वयाचा प्रश्न ह्या वाहनाच्या बाबतीत जितका थेट उपस्थित होतो तितका मोटारीच्या बाबतीत होत नाही.

हा प्रश्न वैद्यकाच्या दृष्टीने पुष्कळदा तपासला गेला आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार मुख्यतः इतिहासाच्या अंगाने करावयाचा आहे. साठी ओलांडलेला आणि मोटारसायकलवरून हजारो किलोमीटरांचा प्रवास करणारा स्वार हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच संख्येने दिसू लागला. तो का दिसू लागला, त्याने ह्या प्रवासात कोणता आनंद शोधला आणि त्यासाठी कोणती किंमत पत्करली, ह्या तीन गोष्टींचा येथे क्रमाने परामर्श घेतला आहे.

१. तरुणांचे वाहन

गॉटलिब डाइमलर व विल्हेल्म मायबाख ह्यांनी १८८५ साली जर्मनीत लाकडी सांगाड्यावर पेट्रोलचे इंजिन बसवून दुचाकी चालविली. १८९४ साली म्यूनिकच्या हिल्डेब्रांड व वुल्फम्युलर ह्यांनी विक्रीसाठी मोटारसायकली तयार करण्यास आरंभ केला. त्यानंतर वीस वर्षांच्या आतच ह्या यंत्रावरून पृथ्वीप्रदक्षिणेचे प्रयत्न सुरू झाले. अमेरिकेचा कार्ल स्टर्न्स क्लॅन्सी १९१२-१३ मध्ये हेंडरसन मोटारसायकलवरून जगप्रवासास निघाला तेव्हा तो नुकताच विशी ओलांडलेला होता. १९३२ साली लंडनहून डग्लस मोटारसायकलवरून निघालेला व भारतातून पुढे टोकियोपर्यंत पोचलेला रॉबर्ट एडिसन फुल्टन हा २३ वर्षांचा होता. डिसेंबर १९३४ मध्ये थेरेसा वॉलक आणि फ्लॉरेन्स ब्लेन्किरॉन ह्या दोन स्त्रिया ६०० घनसेंटिमीटर इंजिनाच्या पँथर मोटारसायकलला साइडकार व मागे एक गाडा जोडून लंडनहून निघाल्या आणि सहारा वाळवंट ओलांडून जुलै १९३५ मध्ये केपटाउनला पोचल्या. त्या वेळी वॉलक २५ वर्षांच्या होत्या.

ह्या सर्व उदाहरणांत वयाचा मुद्दा कोणी मांडलेला दिसत नाही, कारण तो मांडण्याचे प्रयोजनच नव्हते. दोन महायुद्धांमधील ब्रिटनमध्ये मोटारसायकल हे ज्यास मोटार परवडत नाही त्याचे वाहन होते. तरुण कामगार तिच्यावरून कारखान्यात जाई; लग्न झाले की तिला साइडकार जोडी; आणि मोटार घेण्याइतकी ऐपत आली की तिला निरोप देई. वाढत्या वयाबरोबर मोटारसायकल सुटणे हा त्या समाजातील स्वाभाविक क्रम होता. ह्या क्रमात म्हाताऱ्या स्वारास जागाच नव्हती.

ह्या क्रमास अपवाद होते टी. ई. लॉरेन्स. पहिल्या महायुद्धातील अरबस्तानच्या मोहिमेमुळे ख्यात झालेले लॉरेन्स पुढे हवाई दलात साध्या सैनिकाच्या पदावर राहिले आणि ब्रफ सुपीरियर ह्या त्या काळच्या अत्यंत महागड्या मोटारसायकली एकामागून एक वापरीत गेले. त्यांना वाहनाची गरज होती हे खरे. परंतु रिकाम्या रस्त्यावरून दूरवर जाण्यात त्यांना जे सुख लाभे ते गरजेच्या पलीकडचे होते. हवाई दलातून निवृत्त होऊन तीन महिनेही झाले नव्हते तोच, १३ मे १९३५ रोजी डॉर्सेटमधील आपल्या घराजवळ सायकलवरील दोन मुलांना चुकविताना ते फेकले गेले आणि १९ मे रोजी मरण पावले. त्यांचे वय ४६ होते.

ह्या मृत्यूचा एक परिणाम दूरगामी ठरला. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या वैद्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. डोक्याच्या दुखापतीने मरणाऱ्या मोटारसायकलस्वारांचा प्रश्न त्यांनी हाती घेतला व १९४१ साली शिरस्त्राणाच्या उपयुक्ततेवरील आपला निबंध प्रसिद्ध केला. ब्रिटिश सैन्यातील निरोप्यांना शिरस्त्राण सक्तीचे झाले. सर्वसामान्य नागरिकांवर मात्र ही सक्ती १९७३ साली आली. केर्न्स १९५२ सालीच निवर्तले होते. जोखमीचे ज्ञान होणे आणि समाजाने ते स्वीकारणे ह्यांत किती काळ लोटू शकतो ह्याचे हे उदाहरण होय.

२. गरजेकडून छंदाकडे

१९५९ हे वर्ष ह्या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी ब्रिटनमध्ये 'मिनी' ही स्वस्त मोटार बाजारात आली, आणि कामगार कुटुंबास साइडकारची गरज उरली नाही. त्याच वर्षी जपानच्या होंडा कंपनीने अमेरिकेत आपली शाखा उघडली व आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत प्रथमच भाग घेतला. पुढील पंधरा वर्षांत ब्रिटिश मोटारसायकल-उद्योग कोसळत गेला. सप्टेंबर १९७३ मध्ये ट्रायम्फचा मेरिडेन येथील कारखाना बंद करण्याचा निर्णय झाला तेव्हा कामगारांनी तो ताब्यात घेऊन ठिय्या दिला. पुढे त्यांनी सहकारी तत्त्वावर चालविलेला उद्योगही १९८३ साली संपुष्टात आला.

तथापि मोटारसायकल नाहीशी झाली नाही; तिचा सामाजिक अर्थ बदलला. श्रीमंत देशांत ती गरजेची वस्तू न राहता छंदाची वस्तू झाली. छंदासाठी पैसा व मोकळा वेळ लागतो, आणि ह्या दोन्ही गोष्टी बहुधा आयुष्याच्या उत्तरार्धात हाती येतात. रॉबर्ट पर्सिग ह्यांनी १९६८ साली मुलासह मिनेसोटाहून कॅलिफोर्नियापर्यंत प्रवास केला तेव्हा ते चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. त्या प्रवासावर आधारलेला त्यांचा १९७४ चा ग्रंथ लाखो वाचकांनी वाचला. मोटारसायकल-प्रवास हा प्रौढ माणसाच्या चिंतनाचा विषय होऊ शकतो ही गोष्ट त्या ग्रंथाने प्रस्थापित केली.

उद्योगानेही हा बदल ओळखला. होंडाने १९७५ साली 'गोल्ड विंग' आणली. प्रारंभी ती केवळ एक शक्तिशाली मोटारसायकल होती. १९८० मध्ये तिला वारा अडविणारे मोठे कवच व सामानाच्या पेट्या कारखान्यातच बसवून मिळू लागल्या. १९८८ च्या नमुन्यात इंजिन सहा सिलिंडरांचे झाले, वजन ३६० किलोंच्या घरात गेले आणि गाडी मागे घेण्यासाठी यंत्राची सोय करावी लागली. ही शेवटची सोय अर्थपूर्ण आहे. पूर्वीचा स्वार आपली गाडी पायांनी रेटून मागे घेई. स्वाराच्या सुखासाठी केलेल्या प्रत्येक सुधारणेने गाडीचे वजन वाढविले, आणि अखेर ते स्वाराच्या पायांच्या बळापलीकडे गेले.

बदलाचे प्रमाण आकड्यांतही दिसते. अमेरिकेतील मोटारसायकल-उद्योगाच्या पाहणीनुसार मालकांचे मध्यक वय (म्हणजे ज्याच्या अलीकडे व पलीकडे समसमान मालक येतात असे वय) १९९० साली ३२ होते. २०१८ साली ते ५० झाले. अपघाती मृत्यूंची नोंद ह्याच दिशेने गेली. १९७५ मध्ये अमेरिकेत मृत्यू पावलेल्या मोटारसायकलस्वारांत पन्नाशीच्या पुढचे लोक शेकडा ३ होते. अलीकडच्या वर्षांत हे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशावर पोचले आहे. ह्या वाढीचे एक कारण उघडच आहे : वृद्ध स्वारांची संख्याच वाढली. परंतु तेवढ्याने सर्व उलगडा होत नाही, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

३. परतलेला स्वार

उतारवयातील स्वारांचे दोन वर्ग करता येतात. पहिला वर्ग तारुण्यापासून अखंड मोटारसायकल चालवीत आलेल्यांचा. दुसरा वर्ग विशीत ती चालवून, संसार व नोकरी ह्यांच्या काळात सोडून देऊन, पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर तिच्याकडे परतलेल्यांचा. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात हा दुसरा वर्ग इतका ठळक झाला की त्यास 'बॉर्न-अगेन बायकर' असे नाव पडले. हा शब्दप्रयोग ख्रिस्ती धर्मभाषेतून उचललेला आहे. पश्चात्तापानंतर नवा जन्म लाभलेल्या भाविकाचे विशेषण येथे मोटारसायकलस्वारास लावले गेले. त्यात थोडा उपहास आहे. परंतु परतण्याच्या अनुभवातील उत्कटतेची कबुलीही आहे.

ह्या परतलेल्या स्वाराकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहिले असता त्याच्या ठायी चार निरनिराळे काळ एकत्र आलेले आढळतात.

पहिला काळ परवान्याचा. ब्रिटनमध्ये १९६१ पासून शिकाऊ स्वारास २५० घनसेंटिमीटरांपर्यंतचीच मोटारसायकल चालविता येत असे. परंतु परीक्षा उत्तीर्ण होताच इंजिनाच्या आकारावर कोणतेही बंधन उरत नसे. त्यामुळे १९६५ साली लहान गाडीवर परीक्षा दिलेल्या माणसास १९९५ साली त्याच परवान्यावर १००० घनसेंटिमीटरांची गाडी घेऊन दुकानाबाहेर पडण्याचा कायदेशीर अधिकार होता. १९९० च्या अखेरीस ब्रिटनने नव्या स्वारांकरिता प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण ते जुन्या परवानाधारकांस लागू नव्हते.

दुसरा काळ यंत्राचा. तीस वर्षांत गाड्यांची शक्ती कित्येक पटींनी वाढली, ब्रेक अधिक तीव्र झाले, वेग हाताच्या किंचित हालचालीवर येऊ लागला.

तिसरा काळ हातापायांच्या स्मृतीचा. जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींचा गिअर उजव्या पायाशी व मागील ब्रेक डाव्या पायाशी असे. १९७० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकी नियमांच्या दडपणाखाली ही रचना उलट झाली. मद्रास येथे १९५५ पासून तयार होऊ लागलेल्या एनफिल्ड बुलेटने मात्र जुनी रचना पुढे कित्येक वर्षे चालू ठेवली. म्हणून महाराष्ट्रातही एका पिढीचे पाय ह्याच रचनेत घडले. अशी सवय विस्मृतीत जात नाही. ती झोपून राहते. शांतपणे चाललेल्या प्रवासात नव्या गाडीची रचना नीट लक्षात राहते, परंतु समोर अकस्मात म्हैस आडवी आली की पाय जुन्या जागी ब्रेक शोधू लागतो.

चौथा काळ शरीराचा, आणि तो एकटाच खरोखर चालू वर्तमानातला आहे. परवाना तारुण्यातला, स्मृती तारुण्यातली, यंत्र तरुणांच्या बळासाठी घडविलेले. आणि त्यावर बसणारे शरीर मात्र आजचे. उतारवयातील मोटारसायकल-प्रवासाची जोखीम मुख्यतः ह्या चार काळांच्या विसंवादात आहे. केवळ वयाचा आकडा तिचे पुरेसे स्पष्टीकरण देत नाही.

४. पडण्याची किंमत

तरुण स्वार अधिक वेळा पडतो, हे बहुतेक देशांतील अनुभवाने मान्य झालेले आहे. त्याच्या पडण्यामागे उतावीळपणा व अननुभव असतो. वयाबरोबर हे दोष कमी होतात. वाढते ती पडण्याची किंमत.

अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००१ ते २००८ ह्या काळातील रुग्णालयीन नोंदींचा अभ्यास करून २०१३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. अपघातानंतर रुग्णालयात दाखल करावे लागण्याची शक्यता विशी-तिशीतील स्वारांच्या मानाने साठीपुढील स्वारांत सुमारे तिप्पट आढळली. छातीच्या व बरगड्यांच्या दुखापती वृद्धांत अधिक होत्या. कारणे समजण्यासारखी आहेत. हाडांची घनता कमी झालेली असते. बरगड्यांची लवचीकता उरत नाही. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील तर आतला रक्तस्राव आवरत नाही. ज्या पडण्यातून पंचविशीतला तरुण कपडे झटकून उठतो, त्याच पडण्याने पासष्टीतला माणूस तीन महिने अंथरुणास खिळतो.

पडण्यापूर्वीच्या क्षणांतही वयाचा वाटा असतो. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला २५ मीटर अंतर कापते. धोका दिसणे आणि ब्रेक दाबणे ह्यांत अर्ध्या सेकंदाचा विलंब वाढला तर साडेबारा मीटर अंतर फुकट जाते, आणि अरुंद रस्त्यावर साडेबारा मीटर म्हणजे पुष्कळदा सर्वस्व असते. साठीतल्या डोळ्याच्या दृष्टिपटलावर विशीतल्या डोळ्याच्या मानाने सुमारे एक-तृतीयांशच प्रकाश पोचतो असे दृष्टिशास्त्रात मानले जाते. समोरच्या दिव्यांनी दिपलेली दृष्टी पूर्ववत होण्यासही अधिक वेळ लागतो. रात्रीचा प्रवास वृद्ध स्वाराने टाळावा ह्या जुन्या सल्ल्याचा आधार येथे आहे. ताशी १०० किलोमीटर वेगास शिरस्त्राणाच्या आत वाऱ्याचा आवाज ९० डेसिबेलच्या वर जातो. दिवसभर तो ऐकल्याने कानांची हानी तर होतेच, पण थकवाही येतो. उन्हाळ्यात तहानेची जाणीव वयाबरोबर मंदावत असल्यामुळे शरीर कोरडे पडत चालल्याचे ध्यानातच येत नाही.

ब्रिटनमधील अपघातांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. वळणावर स्वतःचाच ताबा सुटून होणारे अपघात कामाच्या फेऱ्यांपेक्षा सहलींच्या वेळी अधिक होतात. रोजच्या वाटेवरचे वळण स्वारास पाठ असते. सहलीतील वळण प्रथमच भेटते. वेग अधिक झाला आहे हे अर्ध्या वळणात उमगते, नजर भीतीने रस्त्याच्या कडेकडे जाते, आणि मोटारसायकल नजरेच्या मागे जाते. ज्या अनोळखी रस्त्याच्या ओढीने माणूस घराबाहेर पडला, तोच रस्ता त्याला अपरिचित असल्यामुळे घातक ठरतो. आनंद व जोखीम ह्या दोहोंचे उगमस्थान येथे एकच आहे. म्हणूनच जोखीम सर्वस्वी वजा करून आनंद तेवढा शिल्लक ठेवण्याची योजना ह्या प्रवासात संभवत नाही.

५. तीन प्रवासी

मग काही वृद्ध स्वारांनी हा प्रवास दीर्घकाळ कसा निभावला? तीन उदाहरणे विचारार्ह आहेत.

पहिले थेरेसा वॉलक ह्यांचे. आफ्रिकेच्या प्रवासानंतर १९३९ साली ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर त्यांनी ताशी १०० मैलांहून अधिक वेगाची फेरी पूर्ण केली. युद्धकाळात सैन्यात निरोप पोचविण्याचे काम केले. नंतर अमेरिकेत जाऊन १९७० साली मोटारसायकल-शिक्षणावर ग्रंथ लिहिला व १९७३ साली ॲरिझोनातील फिनिक्स येथे प्रशिक्षण-शाळा काढली. वयाच्या ८८ व्या वर्षापर्यंत त्या मोटारसायकल चालवीत होत्या. दृष्टी अधू झाल्यामुळे त्यांनी परवाना सोडला. १९९९ साली त्या निवर्तल्या. उपरोक्त चार काळांचा विसंवाद त्यांच्या बाबतीत निर्माण झालाच नाही, कारण त्यांच्या सरावात खंड पडला नाही. शरीरात होणारा बदल त्यांना रोजच्या स्वारीतच कळत गेला असला पाहिजे. शिवाय इतरांस शिकविण्याच्या निमित्ताने स्वतःच्या सवयी तपासण्याचा प्रसंगही नित्य येत होता.

दुसरे उदाहरण सायमन गँडोल्फी ह्या ब्रिटिश कादंबरीकाराचे. २००६ साली, वयाची सत्तरी ओलांडल्यावर व हृदयविकार असताना, ते मेक्सिकोतील व्हेराक्रूझहून दक्षिण अमेरिकेच्या अगदी दक्षिण टोकास टिएरा डेल फ्युगोकडे निघाले. त्यांनी निवडलेली गाडी होती १२५ घनसेंटिमीटरांची होंडा, म्हणजे त्या देशांत पाव-लोणी पोचविणारी मुले वापरतात तशी. समवयस्कांचा ओढा अवजड व सुखसोयींनी युक्त गाड्यांकडे असताना त्यांनी उलट मार्ग धरला. हलकी गाडी पडली तर म्हातारा माणूस ती एकट्याने उचलू शकतो. तिचा वेग बेताचा असतो. ती बिघडली तर कोणत्याही गावात दुरुस्त होते. येथे यंत्राचे मान शरीराच्या मानाला आणून बसविलेले दिसते.

तिसरे व सर्वांत बोधप्रद उदाहरण टेड सायमन ह्यांचे होय. १९३१ साली जन्मलेले सायमन ६ ऑक्टोबर १९७३ रोजी ५०० घनसेंटिमीटरांच्या ट्रायम्फ टायगर गाडीवरून लंडनहून निघाले. चार वर्षांत ४५ देशांतून त्यांनी सुमारे १ लाख किलोमीटर प्रवास केला आणि १९७९ साली त्याचे वृत्त ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. ग्रंथाच्या नावातील 'ज्युपिटर' हा शब्द भारतातील एका द्रष्ट्याने त्यांच्याविषयी केलेल्या कथनातून आला आहे. ज्या ग्रहास इंग्रजी रोमन देवराजाच्या नावाने ओळखते त्यास मराठी 'गुरू' म्हणते. प्रवासाने शिकविले असे सांगणाऱ्या ग्रंथास हा योगायोग अनुरूपच म्हटला पाहिजे. प्रवासात येणारे अडथळे, बिघाड, अडकून पडणे हाच खरा प्रवास आहे, अशी त्या ग्रंथातील भूमिका पुढील प्रवाशांनी वारंवार उद्धृत केली.

२००१ साली, वयाच्या ६९ व्या वर्षी, सायमन पुन्हा त्याच मार्गाने निघाले. ह्या वेळी गाडी बीएमडब्ल्यू होती. केनियात ते पडले व त्यांचा पाय मोडला. पाय सांधल्यावर त्यांनी प्रवास पुढे चालू ठेवला आणि ९० हजार किलोमीटरांहून अधिक अंतर पुरे केले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या दुसऱ्या ग्रंथात पहिल्याचा उल्हास नाही. तीस वर्षांपूर्वी ज्या वाटा मोकळ्या होत्या त्या गर्दीने भरल्या होत्या. ओळखीची माणसे दिवंगत झाली होती. कित्येक ठिकाणची साधी समृद्धी हरपली होती. वाचकास हे वृत्त उदास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास त्याचे मोल वेगळे वाटेल. एकच निरीक्षक, एकच मार्ग, तेच वाहनप्रकार आणि मध्ये एका पिढीचे अंतर अशी तुलना क्वचितच उपलब्ध होते. चाळिशीतला प्रवासी जगाचे वर्तमान पाहू शकला. सत्तरीतला प्रवासी त्याच जागी उभा राहून जगात झालेला फरक पाहू शकला. हे दुसरे दर्शन तरुणास कितीही कौशल्य असले तरी लाभणे शक्य नाही. उतारवयातील प्रवासाचा जो विशेष आनंद म्हणावयाचा तो ह्या दर्शनात आहे, आणि त्यात दुःखाचा अंश मिसळलेला असतो.

मोडलेल्या पायाची गोष्टही ह्या दृष्टीने पाहावी लागते. पहिल्या प्रवासात 'अडथळा हाच प्रवास' हे वचन तारुण्याच्या उमेदीतून आले होते. दुसऱ्या प्रवासात त्याची परीक्षा झाली. त्या परीक्षेत ते टिकले. पण असा अडथळा सत्तरीत किती वेळा परवडेल, हा प्रश्न त्यामुळे सुटला नाही.

६. थांबण्याचा प्रश्न

शासनव्यवस्थांनी ह्या प्रश्नास परवान्याच्या मार्गाने उत्तर देण्याचा यत्न केला आहे. ब्रिटनमध्ये ७० व्या वर्षी परवान्याचे नूतनीकरण करावे लागते व त्यानंतर दर ३ वर्षांनी. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने शिरस्त्राण आवश्यक ठरविले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वयाच्या ५५ वर्षांपुढील परवान्याचे नूतनीकरण ५ वर्षांपुरतेच होते. तंत्रज्ञानाचेही साहाय्य झाले. चाके जागीच अडकून घसरू नयेत अशी ब्रेकची योजना बीएमडब्ल्यूने १९८८ साली मोटारसायकलीत आणली. भारतात १२५ घनसेंटिमीटरांवरील गाड्यांना ती २०१८-१९ पासून सक्तीची झाली. हार्ले-डेव्हिडसनने २००९ च्या नमुन्यांत तीन चाकांची गाडी काढली. तिच्यामुळे तोल सांभाळण्याचा भार नाहीसा झाला. पण त्याबरोबर झुकण्याचे सुखही गेले, आणि असा माणूस 'स्वार' राहिला की 'चालक' झाला हा शब्दाचा प्रश्न उभा राहिला.

महाराष्ट्रात हा विषय अद्याप निराळ्या टप्प्यावर आहे. येथे दुचाकी मुख्यतः गरजेचे वाहन आहे. शेतमाल, दुधाची किटली, शाळेची मुले ती वाहून नेते. जुन्या पिढीने तिला इंजिनाच्या आवाजावरून 'फटफटी' म्हटले. त्या शब्दात नवलाई व कौतुक होते. आजची 'टू-व्हीलर' केवळ चाके मोजते. तथापि बुलेट, जावा, राजदूत ह्यांवर तारुण्य घालविलेली पिढी आता सत्तरीच्या आसपास आली आहे, आणि तिच्यातील काहींना निवृत्तीनंतर पुन्हा दूरची वाट खुणावते. परदेशात १९९० च्या दशकात जे घडले त्याची पुनरावृत्ती येथे होण्यास लागणारी सामग्री, म्हणजे निवृत्तिवेतन, मोकळा वेळ, शक्तिशाली गाड्या व तरुणपणची आठवण, जुळून आली आहे. परकीय अनुभवाचा अभ्यास करण्याचे प्रयोजन ह्यामुळेच आहे.

त्या अनुभवातून निघणारा निष्कर्ष थोडक्यात असा मांडता येईल. परवाना, यंत्र, स्मृती आणि शरीर ह्या चौघांना जो स्वार एका काळात आणू शकतो त्याचा प्रवास उतारवयातही युक्त ठरतो. वॉलक ह्यांनी ते अखंड सरावाने साधले, गँडोल्फी ह्यांनी गाडी लहान करून. सायमन ह्यांनी ते पूर्णपणे साधले असे म्हणता येत नाही. त्यांनी किंमत मोजली व तिच्या मोबदल्यात इतरांस न लाभणारे दर्शन मिळविले. मात्र तिघांच्याही बाबतीत निर्णय त्यांचा स्वतःचा होता. घरच्या माणसांची काळजी, वैद्याचा सल्ला व कायद्याचे बंधन ह्या तिन्हींचे महत्त्व मान्य करूनही एवढे म्हटले पाहिजे की, शरीर आज काय करू शकते ह्याची प्रामाणिक चौकशी दुसरा कोणी स्वाराच्या वतीने करू शकत नाही. ८८ व्या वर्षी डोळे साथ देईनासे झाले तेव्हा वॉलक ह्यांनी परवाना सोडला, हे त्यांच्या त्रेसष्ट वर्षांपूर्वीच्या सहारा-प्रवासाइतकेच त्यांच्या स्वारीचे अंग मानावयास हवे.